फरशीवर सतरंजी घसरते

१२ जानेवारी, सोमवार

कैलासला कोण्या कृषी केंद्रवाल्याने ही डायरी दिली. त्याने ती माझ्यापुढे ठेवली. "आई, तुले दिवसभर करमत नाई, तर लिहत जाय काही." दहावीपर्यंत शिकले, पण लग्नानंतर हातात पेन क्वचितच धरला. लिहायला बसले की शाळेतल्या बाईंची भाषा येते आणि तोंड उघडलं की आमच्या गावची, वडनेरची. असो.

वर्ध्याजवळ सिंदी मेघेला मुलाकडे महिनाभरासाठी म्हणून आले होते, त्याला आता दोन महिने होत आले. गावी वांग्याला पाणी देताना चिखलात पाय घसरला आणि गुडघ्यांवर पडले. उठताच येईना. शेजारच्या शकुबाईने हाक ऐकली म्हणून बरं. हे असते तर त्यांनीच उचललं असतं, पण ते मागच्या आषाढात गेले. त्याच दिवशी कैलास गाडी घेऊन आला आणि मला इकडे घेऊन आला. नात आचल नागपूरला होस्टेलवर असते, तिच्या खोलीत मी राहते.

डॉक्टर म्हणाले, गुडघे झिजायला लागले आहेत. ऑपरेशनची वेळ आली नाही, पण व्यायाम केला नाही तर येईल. म्हणून आजपासून योगाचा वर्ग. लेआउटमधल्या, म्हणजे इथल्या वसाहतीतल्या, मारुतीच्या देवळामागे हॉल आहे, तिथे अंकिता नावाची मुलगी शिकवते. सुनेने, मंजुषाने, तिचा एक पंजाबी ड्रेस दिला. जुनाच असणार. मानेला लेबल टोचत होतं, ते कापून टाकलं. जन्मात पहिल्यांदा साडीशिवाय रस्त्यावर निघाले, सगळा लेआउट माझ्याचकडे पाहतो आहे असं वाटलं. कोणी पाहत नव्हतं.

सगळ्या बायांच्या पुढे रंगीत मॅट. माझी वडनेरहून आणलेली सतरंजी. पाय लांब फाकवून हात पसरायचे होते. मी पसरले, आणि सतरंजी माझा एक पाय घेऊन निघाली. अंकिताने मागून धरलं नसतं तर दोन तुकडे झाले असते.

"काकू, मॅट घ्यावी लागेल. फरशीवर सतरंजी घसरते."

"आता महिनाभरासाठी काय मॅट घ्याव माय," मी म्हटलं.

१७ जानेवारी, शनिवार

कैलासने मोबाइलवरून मॅट बोलावली. गुलाबी, जाड, मऊ. बसले तर गादीवर बसल्यासारखं वाटलं. वर्गातल्या बायांनी हात लावून पाहिला, छान आहे म्हणाल्या. मीही जरा मिरवून घेतलं.

मग एका पायावर उभं राहायची वेळ आली. पाय आत रुतला आणि घोटा नाचायला लागला. ओल्या वावरात उभी आहे असंच वाटलं. भिंत धरली. अंकिता म्हणाली, इतकी जाड मॅट झोपून, बसून करायच्या आसनांना चांगली. तोल सांभाळायचा तर पायाखाली घट्ट लागतं.

संध्याकाळी ती परत पाठवायची म्हणून मंजुषा गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता म्हणते, "आई, तोल जाते तवा भार टाचेवर येते का बोटांवर?" ती दवाखान्यात नर्स आहे, घरातल्या माणसांनाही पेशंटसारखं विचारते. मी म्हटलं, काही नाही होत मला. कैलासने विचारलं, दुसरी बोलावू का? म्हटलं, राहू दे, काय घाई आहे.

खरं सांगायचं तर मॅट परत गेली तेव्हा बरं वाटलं. उगाच खर्च.

२३ जानेवारी, शुक्रवार

माझा दीर चंद्रभान, त्याचा फोन. त्याचं वावर आमच्या वावराला लागून आहे, सध्या आमचंही तोच पाहतो.

"वहिनी, वांगे लय लागून राह्यले. सांभारही झाला. पण पाडव्यापर्यंत तुमी मले एक सांगजा. वावर मले मक्त्यानं देता, का खुद करता? मले पुढच्या सालाची माणसं ठरवा लागन."

सांगते म्हटलं. (सांभार म्हणजे शाळेतल्या बाईंची कोथिंबीर.) कैलासनेही कालच विचारलं होतं. सगळ्यांना पाडव्याच्या आधीच सगळं पाहिजे असतं.

मॅटचं मात्र आज नवीनच कळलं. अंकिताने तिच्याकडची एक पातळ मॅट वापरायला दिली. जरासुद्धा घसरत नाही, पाय जमिनीला चिकटून राहतो. एका पायावर उभी राहिले, अंकिताने दहापर्यंत आकडे मोजले, मी उभीच. पण मग हात-गुडघे टेकून मांजरीसारखं पाठ वर-खाली करायचं आसन आलं. मॅट असून नसल्यासारखी. गुडघ्याची वाटी थेट फरशीवर. म्हणजे जाड घेतली तर तोल जातो आणि पातळ घेतली तर गुडघे जातात. या विषयात इतकं असेल असं वाटलं नव्हतं. वर्गातल्या बाया म्हणतात महाग रबराची घ्या, कोणी म्हणतात कापसाची घ्या, धुता येते. मी सगळ्यांचं ऐकून घेते. मॅटबद्दल विचार करायला चांगलं वाटतं. पाडव्याचं मनात येत नाही.

मलम लावत होते तेव्हा मंजुषा दारात आली. लाल झालेले गुडघे पाहिले आणि परत गेली.

३० जानेवारी, शुक्रवार

सकाळी माझ्या पिशवीवर एक शिवलेली चौकोनी गादी ठेवलेली. जुन्या गोधडीचे थर, वरून जाड कापडाची खोळ, कोपऱ्यांना दुहेरी टाके. गुडघ्याखाली ठेवायला. मंजुषाने शिवली, कधी शिवली कोण जाणे, तिची तर रात्रपाळी होती.

म्हणजे त्यांनी ठरवलेलं दिसतं की मॅट घ्यायची नाही, एवढ्यावर भागवायचं. माझंही काही म्हणणं नाही.

गादी मात्र कामाची आहे. पातळ मॅटवर तेवढी गुडघ्याखाली ठेवली की झालं. मांजरासन पूर्ण केलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

वांग्याचं भरीत केलं. इथली वांगी पाणचट. मंजुषाची दुपारपाळी होती, तिच्यासाठी जेवायची थांबले. आली ती म्हणे, "आई, काऊन थांबता? औषध घ्या लागते तुमाले, जेवून घेत जा." मी थांबलेलं तिला आवडत नाही. उद्यापासून आधी जेवून घेईन.

दोन भाकरी खाल्ल्या तिने. एरवी एक खाते.

९ फेब्रुवारी, सोमवार

मंजुषाने आज सुट्टी घेतली आणि मला स्कूटीवर मागे बसवून वर्ध्याला दुकानात नेलं. अंकिताची मॅट किती दिवस वापरायची, म्हणाली.

दुकानदार प्रेमदास म्हणून, बोलका माणूस. त्याने माझ्यापुढे मॅटांचं वावरच मांडलं. एक अगदी स्वस्त, पण नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला. एक रबराची, पाय ठेवला की सोडतच नाही, पण एवढी जड की ती उचलणं हाच व्यायाम, किंमत ऐकून मी तिची घडी परत घातली. एक तागाची, हाताला खरखरीत. एक कापसाची, पाहून आपली वाटणारी. आणि मधल्या जाडीच्या दोन-तीन, मधल्या किमतीच्या. मंजुषा म्हणाली, हजाराच्या आत पाहू, पण टिकली पाहिजे.

प्रेमदासने विचारलं, "मावशी, उभ्यानं जास्त करता का बसून?"

"दोनी."

"घाम येते का हाताले?"

"नाई येत."

"उचलून न्या लागते का?"

"लागते."

"आणि करता कुठं? हॉलमध्ये का घरी?"

मी म्हटलं, "दोनीकडं."

"मंग घरी जमीन कशी हाय? टाइल्स हाय का सारवलेली? सारवलेली असन तर ही कापसाची मस्त. टाइल्स असन तर ही नोका घेऊ, घसरन."

मंजुषा माझ्याकडे पाहत होती. मी कापसाची मॅट हातात धरून उभी. सांगायला काय, एका शब्दाचं उत्तर. पण रबराचा वास डोक्यात गेला होता, गरगरायला लागलं. मी मॅट खाली ठेवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

मंजुषा मागून आली. समोरच्या गाड्यावरून उसाचा रस आणला, बिनबर्फाचा. पिऊन झाल्यावर म्हणाली, "आई, घाई नाई काही."

तो रबराचा वास फार वाईट. कोणालाही चक्कर येईल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे ऐकलं ते ऐकायला नको होतं. मी आंघोळ करून येत होते. मंजुषा गॅलरीत तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. "आई राहतीन का नाई, तेच कळून नाई राह्यलं. असं अधांतरी किती दिवस? माह्याच्यानं आता नाई होत."

तशीच पाय न वाजवता खोलीत परत आले.

तिचीही चूक नाही. दवाखान्यात दिवसभर आजारी माणसं, घरी आलं तर इथेही एक. मी काही रागावले नाही. संध्याकाळी कैलासला म्हटलं, परवा मला बसमध्ये बसवून दे, घर बंद राहिलं की उंदीर होतात. तो म्हणाला, "आता? गुडघ्याचं काय?" मी म्हटलं, गुडघा तिकडेही माझाच आहे. मंजुषा ताटं घेत होती. हातातलं ताट ठेवून आत गेली. बरं झालं, तिच्या तोंडावर आनंद पाहण्यापेक्षा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

वडनेर. कुलूप उघडलं, झाडलं, ओसरी सारवली. जिथली वस्तू तिथेच. यांचं उपरणं खुंटीवर होतं, ते काढून घडी केली, मग पुन्हा खुंटीवरच ठेवलं.

वाळल्यावर सतरंजी अंथरली आणि आसनं केली. इथे सतरंजी तसूभर हलत नाही! मॅटची गरजच नाही. हजार रुपये वाचले.

शकुबाई दारातून पाहत उभी. "काय करून राह्यली वं मंदे? अंगात आलं का काय?"

"व्यायाम करून राह्यली. ये, तूही कर."

"मले काय धाड भरली?" म्हणाली, आणि पदर खोचून माझ्या शेजारी उभी राहिली. हात वर करताना तिला जे हसू आलं ते थांबेना. मलाही. खूप दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

पण मांजरासन केलं नाही. गुडघ्याखालची गादी तिकडेच राहिली. सारवलेलं असलं तरी खाली दगडच.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी एकटीच वावरात गेले. चंद्रभान हिंगणघाटच्या बाजारात गेला होता. वांग्याच्या वाफ्यात गवत माजलं आहे. बसून निंदायला लागले. तीसेक वर्षं हेच केलं, हात आपोआप चालतो. चांगली अर्धी ओळ झाली आणि उठायला गेले तर गुडघा अडला. ना वाकेना ना सरळ होईना. आजूबाजूला कोणी नाही.

आधी हाक मारावीशी वाटली. मग अंकिताचा आवाज आठवला, श्वास सोडा काकू, घाई नाही. हात टेकले, दोन्ही गुडघे टेकले, मांजरीसारखी झाले. श्वास घेतला, सोडला. एक पाय पुढे आणला, मांडीवर हात दाबला आणि उभी राहिले. स्वतःची स्वतः. कोणाला बोलवावं लागलं नाही. डॉक्टरांना सांगायला पाहिजे.

नंतर वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून राहिले बराच वेळ. डोळ्यात धूळ गेली होती.

दुपारी भाकरी टाकावीशी वाटली नाही. एका भाकरीसाठी पीठ मळायचं, तवा तापवायचा. सकाळची अर्धी होती, ती चहात बुडवून खाल्ली. इथे जेवायला कोणासाठी थांबावं लागत नाही, ते एक बरं.

१ मार्च, रविवार

ओसरीवर बसून सांभार निवडत होते, तर फाटकात मंजुषा. एकटी. बसने आलेली, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात पिशवी. मला वाटलं कैलासला काही झालं.

"काही नाई झालं आई. हे राह्यलं होतं," म्हणाली आणि पिशवीतून गुडघ्याची गादी काढून माझ्यापुढे ठेवली.

"हे द्याले इतक्या दूर आली?"

"हो."

पाणी दिलं, चहा ठेवला. ती भिंतीला टेकून बसली. आठवड्यात वाळल्यासारखी दिसली. मी विचारलं, जेवली का? तर म्हणे कालचा भात होता. मग मी आधी भाकरी टाकायलाच घेतली. ती चुलीजवळ येऊन बसली. मग तव्याकडे पाहत म्हणाली,

"आई, माह्यं काही चुकलं का?"

"नाई वं. तुह्यं काय चुकन."

"मंग काऊन आल्या तशा? सांगितलं बी नाई मले. ह्यायले सांगितलं."

मी भाकरी उलटली. वाटलं गप्प बसावं. पण ती एवढ्या लांबून आली होती. "मी ऐकलं होतं, मंजू. फोनवर बोलत होती तू. तुह्याच्यानं होत नाई म्हणे."

मग तिचे डोळे भरले. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, हे गेले तेव्हाही तीच सगळ्यांना पाणी देत फिरत होती.

"नाई होत म्हटलं ते वाट पाहणं, आई. आज जातीन का उद्या जातीन. सतरंजीची घडी करून पिशवीतच ठेवत होत्या तुमी, मी रोज पाहो. मॅट घेतली असती तर मले वाटलं असतं का राहतीन आता." तिने रुमालाने नाक पुसलं. "आचल नागपूरले गेली तवापासून मी ड्यूटीवरून येतो तर घराले कुलूप. लाइट मीच लावा. तुमी आल्या तर दार उघडं दिसे. कोणी जेवाले थांबलेलं दिसे. तुमाले थांबू नका म्हणे मी, पण गाडी लावता लावता पाहो, का लाइट चालू हाय का."

तव्यावरची भाकरी करपली. दोघींनाही कळलं नाही, वास आला तेव्हा कळलं.

"आणि तुमाले वडनेरलेच राहाचं असन तर राहा," ती म्हणाली. "मी अडवाले नाई आली. फक्त माह्या पायी जाऊ नका."

करपलेली भाकरी मी घेतली, चांगली तिला दिली. तिने तीन खाल्ल्या.

संध्याकाळच्या बसने गेली. मी फाट्यापर्यंत सोडायला गेले. परत येताना रस्ता लांब वाटला.

८ मार्च, रविवार

चंद्रभानला बोलावून सांगितलं. वावर मक्त्याने तूच कर, विहिरीजवळचा तुकडा मात्र माझा. तिथे मेथी, सांभार, चार वांगी मी लावीन, पंधरा दिवसांनी येऊन पाहीन, मधलं पाणी शकुबाई देईल. त्याने विचारलं, "मंग राहाचं कुठं ठरवलं वहिनी?"

"तिकडं," मी म्हटलं. "आणि येत जाईन इकडं."

बोलून झालं, आणि मला वाटलं तेवढी मी हलले नाही. वाटलं होतं की हे शब्द तोंडातून निघाले की यांचं काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही. उपरणं मात्र या वेळी सोबत घेतलं.

शकुबाई म्हणाली, "तू गेल्यावर मी एकटी कशी करू तुह्यं ते मांजर?" सतरंजी तिच्याकडेच ठेवली. घराची किल्ली पण.

९ मार्च, सोमवार

आज मॅट घेतली. हिंगणघाटला बस बदलायची होती, मंजुषा सुट्टी काढून तिथपर्यंत घ्यायला आली. स्टँडच्या पुढे खेळाच्या सामानाचं दुकान दिसलं, आम्ही दोघी आत गेलो.

या वेळी मीच बोलले. जमिनीवर अंथरून द्या म्हटलं, पाहून काय कळतं. चपला काढल्या आणि दुकानातच एका पायावर उभी राहिले. मग हात-गुडघे टेकून मांजर. दुकानदार काउंटरमागे अवघडून उभा, मंजुषा तोंडावर ओढणी धरून हसत होती. जाड होती ती पुन्हा हलली, बाजूला ठेवली. अगदी पातळही नको. मधली घेतली, पायाखाली घट्ट, दोन्ही बाजूंनी खरबरीत, म्हणजे फरशीवरही धरते. गुडघ्यांपुरती आपली गादी आहेच, मग सगळी मॅट जाड घेऊन काय करायचं? नाकाला लावून पाहिली, वास नाही. माझ्या उंचीपेक्षा वीतभर लांब. हलकी, पट्ट्याने खांद्याला अडकते, कारण वडनेरच्या बसमध्येही न्यायची आहे. किंमत हजाराच्या आत बसली. निळी आहे. लाल पण होती, पण मंजुषाला निळी आवडली.

"रंग तुमी पाहा ना आई, तुमची मॅट हाय," ती म्हणाली. मी म्हटलं, घरात दोघींना दिसायची आहे.

२२ मार्च, रविवार

पाडवा झाला. गुढी उभारताना कैलास स्टुलावरून पडता पडता वाचला, तोल सांभाळायला त्यालाही वर्गात पाठवायला पाहिजे.

आज सकाळी मंजुषा रात्रपाळी करून आली, तेव्हा मी पुढच्या खोलीत आसनं करत होते. ती दारातच उभी राहून पाहत होती. म्हटलं, ये, तुलाही शिकवते. "मले कुठं वेळ हाय आई, पोळ्या व्हायच्या हाय, हे जागे होतीन," म्हणाली. मी म्हटलं, सगळी नको करू, एकच कर, सगळ्यात सोपं. पाठीवर झोप. पाय जरा दूर. तळहात वर. डोळे मिट.

ती ड्यूटीच्या कपड्यातच झोपली. मी अंकिता सांगते तसं सांगत गेले. पायाची बोटं सैल सोड. पोटऱ्या सैल सोड. गुडघे. कमरेपर्यंत पोचले तर तिचा श्वास बदललेला. तोंड जरा उघडं, लहान मुलासारखं.

तिच्या अंगावर चादर टाकली. कैलास उठून आला, त्याला खुणेनेच मागच्या दाराने ब्रश करायला पाठवला. पोळ्या मी करून ठेवल्या. कुकर लावायचा होता, पण शिट्टी होईल म्हणून भात पातेल्यातच ठेवला. वेळ लागतो, लागू दे.